दाखल्याआधी समकक्षता: नाशिकहून दुसऱ्या विद्यापीठात जाताना

पहिल्या वर्षानंतर विद्यापीठ बदलू इच्छिणारे बहुतेक विद्यार्थी सर्वांत आधी महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्याचा (एल.सी.) अर्ज घेऊन कार्यालयात येतात, आणि त्यांची अडचण तिथूनच सुरू होते. नाशिकमधील एका महाविद्यालयात अध्यापन करताना मी अनेक वर्षे प्रवेश समितीचे काम पाहिले. त्या काळात निफाड तालुक्यातील एका मुलाने जूनमध्ये एल.सी. काढली, नव्या ठिकाणी तात्पुरता प्रवेश घेतला, खोली भाड्याने घेतली आणि वर्गही सुरू केले. ऑगस्टमध्ये तिथल्या पात्रता विभागाने त्याच्या पहिल्या वर्षाचे दोन विषय त्यांच्या अभ्यासक्रमाशी जुळत नाहीत असे कळवले. तोपर्यंत इकडची त्याची जागा भरली गेली होती. गुणपत्रकावर नापासाची एकही नोंद नसताना त्याचे वर्ष गेले. एप्रिलमध्येच त्याने एक लेखी प्रश्न विचारला असता, तर ते वर्ष वाचले असते. तो प्रश्न कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत विचारायचा, हे सांगण्यासाठी हे लेखन आहे.

ही माहिती कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखांच्या पदवी अभ्यासक्रमांपुरती आहे. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र, विधी यांसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्यांच्या शिखर परिषदांचे आणि राज्याच्या सीईटी कक्षाचे वेगळे नियम लागू होतात. वैद्यकीय व संलग्न अभ्यासक्रम नाशिकच्याच म्हसरूळ परिसरातील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येतात आणि त्यांचे नियम अधिक कडक आहेत. त्या विद्यार्थ्यांनी पुढील मजकुरावर विसंबून कोणताही अर्ज करू नये.

बदल कोणत्या प्रकारचा आहे?

नाशिक जिल्ह्यातील पारंपरिक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे येतात. त्यामुळे कॉलेज रोडवरील किंवा गंगापूर रोडवरील महाविद्यालय सोडून पुण्याच्या संलग्न महाविद्यालयात जाणारा विद्यार्थी दोनशे किलोमीटर दूर गेला तरी विद्यापीठाच्या दृष्टीने तो घरातच असतो. त्याचा पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, तोच राहतो, मायग्रेशन प्रमाणपत्र (दुसऱ्या विद्यापीठात जाताना मूळ विद्यापीठाकडून घ्यायचा दाखला) लागत नाही आणि दोन्ही प्राचार्यांची संमती व बदलीचा दाखला यांवर बहुतेक काम होते. याउलट मालेगावहून धुळ्याला, म्हणजे जेमतेम पन्नास किलोमीटरवर, जाणारा विद्यार्थी जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत प्रवेश करतो आणि त्याला मायग्रेशनपासून नव्या विद्यापीठाच्या पात्रता प्रमाणपत्रापर्यंत सगळी प्रक्रिया करावी लागते. इगतपुरीचा विद्यार्थी कसारा घाट उतरून शहापूरला गेला की तो मुंबई विद्यापीठाचा होतो, आणि येवल्याचा विद्यार्थी वैजापूरला गेला की डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा. अंतरापेक्षा जिल्ह्याची हद्द महत्त्वाची आहे, हे सीमेवरच्या तालुक्यांतील पालकांच्या सहसा लक्षात येत नाही.

येथे स्वायत्त महाविद्यालयांविषयी सावधगिरी बाळगावी लागते. एखादे महाविद्यालय पुणे विद्यापीठाशी संलग्न असले, तरी स्वायत्त असल्यास त्याचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि विषयांची विभागणी स्वतःची असते. पुण्यातील अनेक नामांकित महाविद्यालये आज स्वायत्त आहेत, आणि नाशिकमध्येही स्वायत्त महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी जाताना मायग्रेशन लागत नसले तरी समकक्षतेचा, म्हणजे आपले विषय तिथल्या विषयांच्या तोडीचे मानले जातील का हा, प्रश्न दुसऱ्या विद्यापीठात जाण्याइतकाच गंभीर असतो.

‘मला युनिव्हर्सिटीत शिकायचे आहे’ असे अनेक विद्यार्थी म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीचा परिसर असतो. तो परिसर प्रामुख्याने पदव्युत्तर विभागांचा आणि संशोधनाचा आहे, आणि तेथे पदवीपूर्व अभ्यासक्रम मोजकेच आहेत. प्रत्यक्ष विद्यापीठाच्या आवारात पदवीचे वर्ग हवे असतील, तर पर्याय मुख्यतः खासगी आणि अभिमत विद्यापीठांचे उरतात, ज्यांपैकी एक खासगी विद्यापीठ त्र्यंबक रोडवर महिरावणीलाही आहे. केंद्रीय विद्यापीठांत पदवीच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या सामायिक परीक्षेतून होतात. तिथे जायचे असेल, तर दुसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागेवर प्रवेश मिळतो का हे आधी विचारावे आणि तसा मार्ग नसल्यास पहिल्या वर्षापासून पुन्हा सुरुवात करण्याची मनाची व पैशांची तयारी ठेवावी.

केव्हा जावे

माझे स्पष्ट मत असे आहे की तीन वर्षांच्या पदवीसाठी विद्यापीठ बदलायचे असेल, तर ते पहिले वर्ष संपल्यावर, म्हणजे तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला बदलावे. यामागे साधे गणित आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले, आणि त्या रचनेत एका वर्षाला ४० ते ४४, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक (क्रेडिट) आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या शैक्षणिक श्रेयांक बँकेच्या विनियमांनुसार पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे श्रेयांक मिळवलेले असावे लागतात. १३२ चे निम्मे ६६ होतात. पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला नव्या संस्थेत ८८ श्रेयांक मिळवायचे असतात, त्यामुळे अट सहज पूर्ण होते. दोन वर्षांचे ८८ श्रेयांक घेऊन तिसऱ्या वर्षाला गेलेल्याकडे नव्या संस्थेत मिळवण्यासाठी केवळ ४४ उरतात, म्हणजे एकूण पदवीचा एक तृतीयांश भाग, आणि तिथे पदवी कोणी द्यायची हा प्रश्न उभा राहतो. चार वर्षांची पदवी घेणाऱ्याला दोन वर्षांनंतरही जाता येते, कारण १७६ पैकी बरोबर ८८ शिल्लक असतात, परंतु त्याच्या हिशेबात एका श्रेयांकाचीही सैल जागा नसते.

पहिल्या वर्षानंतर जाण्याचा आणखी एक फायदा आहे. सध्याच्या रचनेत अनेक महाविद्यालये पहिल्या वर्षी तीन विषय समान वजनाने शिकवतात आणि मेजर, म्हणजे मुख्य, विषयाची निवड दुसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर करून घेतात. त्या वेळी बदल केल्यास मेजर नव्या संस्थेच्या पद्धतीने निवडता येतो. दुसऱ्या वर्षी मेजर आणि मायनर (दुय्यम विषय) एकदा ठरले, की जुळवाजुळव कितीतरी अवघड होते. वर्षाच्या मध्ये, म्हणजे दुसऱ्या किंवा चौथ्या सत्राला जाण्याचा प्रयत्न करू नये. फार थोड्या संस्था तसा प्रवेश देतात, आणि दिला तरी उपस्थितीची ७५ टक्क्यांची अट पहिल्याच महिन्यात डोक्यावर बसते.

एखादा विषय राहिला असेल तर त्याचे श्रेयांक मिळालेले नसतात आणि न मिळालेले श्रेयांक कोणतीही संस्था स्वीकारू शकत नाही. आपल्या महाविद्यालयात एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला विषय मागाहून सोडवण्याच्या सवलतीवर, दुसऱ्या वर्षात जाता येते, म्हणून दुसरीकडेही जाता येईल असे गृहीत धरणे चूक आहे. बदल करायचा असेल, तर पहिल्या दोन सत्रांतील प्रत्येक विषय, अगदी दोन श्रेयांकांचा पर्यावरणाचा विषयसुद्धा, उत्तीर्ण झालेला असावा.

समकक्षतेची वही

सर्वाधिक वेळ आणि सर्वाधिक कष्ट या टप्प्यावर खर्च करावेत, आणि ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, वार्षिक गडबड सुरू होण्याआधी करावेत.

एक वही घ्यावी आणि तिच्या डाव्या पानावर आपल्या दोन सत्रांतील प्रत्येक विषयाचे नाव, विषयाचा सांकेतिक क्रमांक, श्रेयांक, तासिका आणि घटकांची नावे लिहावीत. उजव्या पानावर इच्छित विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या त्याच शाखेच्या अभ्यासक्रमातील जुळणारा विषय तशाच तपशिलाने लिहावा. दोन्ही अभ्यासक्रम विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर पीडीएफ स्वरूपात असतात, मात्र ते कोणत्या शैक्षणिक वर्षाचे आहेत हे तपासावे. जुन्या पॅटर्नचा अभ्यासक्रम उतरवून काढण्यात दोन दिवस घालवलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. नावांवर विश्वास ठेवू नये. एका विद्यापीठातील ‘अकार्बनी रसायन १’ आणि दुसऱ्याकडील ‘रसायनशास्त्राची मूलतत्त्वे’ यांतील चारपैकी तीन घटक सारखे असू शकतात, आणि ‘सूक्ष्म अर्थशास्त्र’ या एकाच नावाखाली दोन ठिकाणी वेगळ्या पातळीचा मजकूर असू शकतो. तासिकांची तुलना करताना लक्षात ठेवावे की सैद्धांतिक विषयाचा एक श्रेयांक साधारण १५ तासांचा आणि प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक ३० तासांचा धरला जातो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिके स्वतंत्र लिहावीत, कारण काही विद्यापीठांत ती सैद्धांतिक विषयातच मिळवलेली असतात, तर काही ठिकाणी स्वतंत्र विषय म्हणून मोजली जातात, आणि या फरकामुळे श्रेयांकांची बेरीज बिघडते.

मुख्य विषय बहुधा जुळतात. अडचण होते ती इतर रकान्यांत. आपल्याकडे मेजर आणि मायनरबरोबर ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय), व्यावसायिक कौशल्य, क्षमतावर्धन म्हणजे मुख्यतः भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा आणि सहशालेय उपक्रम असे अनेक गट आहेत. दुसऱ्या राज्यातील विद्यापीठात हेच गट वेगळ्या सत्रात किंवा वेगळ्या श्रेयांकांनी असतात. मराठी हा भाषेचा विषय घेऊन कर्नाटकात किंवा गुजरातमध्ये गेलेल्या विद्यार्थ्याचे ते श्रेयांक आधुनिक भारतीय भाषा म्हणून धरले जातील का, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामाचे श्रेयांक असतील तर त्याचे प्रमाणपत्रही जवळ असावे. निफाडच्या त्या मुलाचे जे दोन विषय अडले, त्यांपैकी एक मायनर होता आणि दुसरा ओपन इलेक्टिव्ह. त्याच्या भौतिकशास्त्राला कोणीही हरकत घेतली नव्हती.

वही पूर्ण झाली की ती आपल्या विभागप्रमुखांना दाखवावी. ज्या शिक्षकांनी अभ्यासमंडळावर काम केले आहे त्यांना कोणते साम्य मान्य होईल आणि कोणते होणार नाही याचा अंदाज असतो, आणि हा सल्ला देण्यास नकार देणारा शिक्षक मला आजवर भेटलेला नाही. त्यानंतर इच्छित संस्थेच्या प्राचार्यांना किंवा विद्यापीठाच्या पात्रता विभागाला अर्ज करावा. अर्जाचा मजकूर असा असावा:

‘महोदय, मी नाशिक येथील महाविद्यालयात बी.एस्सी. प्रथम वर्षात शिकत असून माझे विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. कौटुंबिक कारणामुळे आगामी शैक्षणिक वर्षात आपल्या संस्थेत बी.एस्सी. द्वितीय वर्षात, तिसऱ्या सत्रात प्रवेश घेण्याची माझी इच्छा आहे. सोबत प्रथम सत्राचे गुणपत्रक, दोन्ही सत्रांचा प्रमाणित अभ्यासक्रम आणि विषयनिहाय तुलनेचा तक्ता जोडला आहे. कृपया पुढील तीन बाबींविषयी लेखी कळवावे: एक, द्वितीय वर्षात रिक्त जागा उपलब्ध असल्यास बाहेरील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यास प्रवेश दिला जातो का; दोन, सोबतच्या तक्त्यातील कोणते विषय समकक्ष मानले जातील; तीन, जे विषय समकक्ष मानले जाणार नाहीत त्यांची पूर्तता द्वितीय वर्षाबरोबर करण्याची परवानगी मिळेल का. आपल्या उत्तरानंतरच मी सध्याच्या महाविद्यालयातून दाखला घेणार आहे.’

शेवटचे वाक्य गाळू नये. त्यामुळे उत्तर देणाऱ्याला आपल्या उत्तरावर एका मुलाचे वर्ष अवलंबून आहे याची जाणीव होते. अर्ज प्रत्यक्ष दिल्यास दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यावी, ई-मेलने पाठवल्यास उत्तराची छापील प्रत जपून ठेवावी. खिडकीवरच्या लिपिकाने ‘होऊन जाईल’ असे सांगितले, तर त्यांचे आभार मानावेत आणि तेच कागदावर मागावे. त्यांचा हेतू चांगलाच असतो, परंतु समकक्षतेचा निर्णय त्यांच्या अधिकारात नसतो.

अभ्यासक्रम ‘प्रमाणित’ असणे म्हणजे प्रत्येक पानावर महाविद्यालयाचा शिक्का आणि प्राचार्यांची किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची सही असणे. दोन सत्रांच्या सर्व विषयांची मिळून पाने बरीच होतात, त्यामुळे हे काम परीक्षेच्या आठवड्यात नेऊ नये.

श्रेयांक बँकेचे खाते आणि नावातील फरक

शैक्षणिक श्रेयांक बँकेत, म्हणजे एबीसीमध्ये, विद्यार्थ्याचे खाते डिजिलॉकरमधून उघडले जाते आणि त्याला बारा अंकी अपार क्रमांक मिळतो. बहुतेक महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच तो नोंदवून घेतलेला असतो, त्यामुळे काम झाले असे विद्यार्थ्यांना वाटते. परंतु खाते असणे आणि खात्यात श्रेयांक जमा असणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या सत्राचा निकाल लागल्यावर काही आठवड्यांत खाते उघडून पाहावे. श्रेयांक दिसत नसतील, तर महाविद्यालयाच्या परीक्षा विभागामार्फत विद्यापीठाकडे तक्रार नोंदवावी. नवी संस्था कागदी गुणपत्रक पाहून तात्पुरता प्रवेश देईल, पण श्रेयांकांचे हस्तांतरण या खात्यातूनच व्हायचे असते. जमा झालेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात, त्यामुळे मध्ये शिक्षण थांबलेल्यांनीही आपले खाते तपासून पाहावे.

जमा न होण्याचे एक कारण आपल्याकडे वारंवार दिसते, ते नावाचे. महाराष्ट्रातील गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे नाव असते. आधार कार्डावर स्वतःचे नाव पहिले असते, कधी वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर असते, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर कमी-जास्त असते. नाशिकच्या कार्यालयात या फरकाने काही अडत नाही, कारण सर्वांना ही पद्धत ठाऊक आहे. दुसऱ्या राज्यातील संगणकीय अर्जात मात्र पहिल्या रकान्यात आडनाव भरले गेले, की विद्यार्थी वेगळाच माणूस ठरतो. स्पेलिंगचा फरक असेल तर दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे आधार दुरुस्त करून घ्यावे. लग्नानंतर किंवा अन्य कारणाने नावच बदलले असेल, तर राजपत्रातील प्रसिद्धी लागते आणि तिला वेळ लागतो.

आणखी एक दक्षता घ्यावी. नव्या धोरणात एक वर्षानंतर शिक्षण थांबवणाऱ्याला अतिरिक्त चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण केल्यास पदवीपूर्व प्रमाणपत्र मिळते. फक्त संस्था बदलायची असताना ‘तेवढेच एक प्रमाणपत्र हाती असू द्यावे’ या विचाराने तो अर्ज भरू नये. प्रमाणपत्रासाठी वापरलेले श्रेयांक खात्यातून त्यापोटी वजा होतात. नव्या संस्थेशी बोलल्याशिवाय त्या मार्गाला जाऊ नये.

कागदपत्रे आणि त्यांचा क्रम

लेखी अनुकूल उत्तर हाती आले आणि दुसऱ्या सत्राचा निकाल लागला, की पुढची कामे वेगाने करावी लागतात. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात निकाल परीक्षेनंतर ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत लावण्याची तरतूद आहे. तरीही निकाल लांबला आणि नव्या संस्थेची मुदत जवळ आली, तर निकाल प्रतीक्षेत असल्याचे प्राचार्यांचे पत्र घेऊन तात्पुरत्या प्रवेशाची विनंती करावी.

नव्या संस्थेने जागा दिल्याचे पत्र किंवा प्रवेशाची पावती मिळाल्यावरच जुन्या महाविद्यालयात दाखल्याचा अर्ज करावा. त्याआधी ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना आणि वसतिगृह यांची नो ड्यूजची, म्हणजे काही देणे बाकी नसल्याची, सही घ्यावी लागते. एखादे पुस्तक मित्राकडे राहिले असेल तर ते आधीच परत आणावे. एल.सी. मिळाल्यावर तिच्या प्रतीसह मायग्रेशन प्रमाणपत्रासाठी विद्यापीठाकडे अर्ज करावा. हे प्रमाणपत्र महाविद्यालय देत नाही, विद्यापीठ देते, आणि अर्ज विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून भरता येतो. विद्यापीठाचे नाशिकमध्ये उपकेंद्रही आहे. आपले काम तेथे होईल का हे दूरध्वनीवर विचारून मगच पुण्याची एस.टी. धरावी. ठक्कर बाजारातून पहाटे निघून पुण्याला पोहोचायचे, आणि खिडकीवर एका प्रतीसाठी परत फिरायचे, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. म्हणून निघताना दहावी, बारावी आणि प्रथम वर्षाची सर्व मूळ गुणपत्रके, एल.सी., आधार, पीआरएन लिहिलेला कागद, शुल्काची पावती आणि प्रत्येकाच्या दोन स्वसाक्षांकित प्रती सोबत घ्याव्यात. गुणपत्रकाची झेरॉक्स काढताना मागची बाजूही काढावी. श्रेणी आणि गुणांक यांचे कोष्टक बहुधा तिथेच छापलेले असते, आणि दुसऱ्या विद्यापीठाला आपली ‘ए प्लस’ म्हणजे नेमके किती हे त्यावरूनच कळते.

मध्ये वर्ष गेले असल्यास खंडाचे प्रतिज्ञापत्र लागते. जात प्रमाणपत्र, वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर यांच्या मुदती पाहून घ्याव्यात. नॉन-क्रिमीलेअरचे नूतनीकरण राहिले असेल तर आपले सरकार सेवा केंद्रात एप्रिलमध्येच अर्ज करावा, कारण जूनमध्ये तिथे गर्दी असते. दुसऱ्या राज्याच्या विद्यापीठात महाराष्ट्राचे जात प्रमाणपत्र तिथल्या राज्य आरक्षणासाठी चालेल असे धरून शुल्काचा हिशेब करू नये.

देवळालीच्या लष्करी वसाहतीतील किंवा बँकेत नोकरी करणाऱ्या पालकांच्या बदलीमुळे जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी पालकांच्या बदलीचा आदेश अर्जाला जोडावा. रिक्त जागा मोजक्या असताना ठोस कारणाचा कागद असलेल्या अर्जाचा विचार आधी होण्याची शक्यता असते.

शुल्क आणि शिष्यवृत्ती

दुसऱ्या वर्षाचे शुल्क जुन्या महाविद्यालयात भरून ठेवण्याचा मोह होतो, आणि उत्तर येईपर्यंत जागा राखण्यासाठी ते कधी भरावेही लागते. परताव्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना माहीत असावी. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत मिळते, त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून कमाल ५,००० रुपयांपर्यंतच कपात करता येते. अंतिम तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असताना ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि नंतर काहीही नाही, अशी ती उतरंड आहे. आयोग अलीकडे दरवर्षी परताव्याच्या तारखांची स्वतंत्र सूचनाही काढतो, ती त्या वर्षी पाहावी. याच अधिसूचनेनुसार कोणत्याही संस्थेने विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे स्वतःच्या ताब्यात ठेवायची नसतात. पडताळणी करून ती परत द्यायची असतात.

महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीचा अर्ज संस्था आणि अभ्यासक्रम यांच्याशी जोडलेला असतो. दाखला घेण्याआधी आपला गेल्या वर्षीचा अर्ज कोणत्या पातळीवर आहे हे पाहावे. तो महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये प्रलंबित असेल, तर संबंधित लिपिकाकडे बसून तो पुढे पाठवून घ्यावा. विद्यार्थी निघून गेल्यावर त्या अर्जाची आठवण ठेवणारे तिथे कोणी उरत नाही, आणि शासनाकडून न आलेली रक्कम मग विद्यार्थ्याच्या नावावर थकबाकी म्हणून दिसू लागते.

नव्या संस्थेतील पहिले दोन महिने

प्रवेश मिळाला तरी पात्रता प्रमाणपत्र येईपर्यंत तो तात्पुरताच असतो. पात्रतेचा अर्ज प्रवेशाच्या आठवड्यातच भरावा आणि मायग्रेशन हाती नसेल, तर त्यासाठी केलेल्या अर्जाची पावती जोडून हमीपत्र द्यावे. हमीपत्रात लिहिलेली तारीख पाळावी. पात्रता अपूर्ण राहिल्यास सत्राची परीक्षा होते, पण निकाल राखून ठेवला जातो, आणि तो मोकळा करून घेण्यात पुढचे सत्र खर्ची पडते.

पूर्ततेचे विषय लावले असतील, तर त्यांच्या तासिका, परीक्षेचा अर्ज आणि शुल्क यांची माहिती स्वतः जाऊन घ्यावी. हे विषय कनिष्ठ वर्गाबरोबर असल्याने त्यांची वेळ आपल्या नियमित प्रात्यक्षिकांशी टक्कर घेते. विभागप्रमुखांना पहिल्याच आठवड्यात भेटून बॅच बदलून मागावी. तिसऱ्या सत्राचा निकाल लागल्यावर श्रेयांक बँकेचे खाते पुन्हा उघडावे आणि जुन्या व नव्या, दोन्ही संस्थांचे श्रेयांक एकाच क्रमांकाखाली दिसत आहेत याची खात्री करावी.

उत्तर नकारार्थी आले तर

समकक्षता नाकारली गेली, तर कोणते विषय आणि कोणत्या कारणाने नाकारले हे लेखी मागावे, आणि तुलनेचा तक्ता जोडून एकदा फेरविचाराची विनंती करावी. नुसत्या शीर्षकावरून नाकारलेला विषय घटकांची नावे समोर ठेवल्यावर मान्य झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. जुन्या महाविद्यालयाने कारण नसताना दाखला किंवा मूळ कागद अडवून ठेवले, तर प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार बंधनकारक आहे. समितीच्या निर्णयाने समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. अर्ज शांत भाषेत, तारखांसह आणि पोचपावतीच्या प्रती जोडून करावा.

ज्यांना नाशिक सोडण्यापेक्षा नियमित वर्गांची सक्ती सोडायची आहे, म्हणजे ज्यांना अंबड-सातपूरला नोकरी करता करता किंवा घरची द्राक्षबाग सांभाळत पदवी पूर्ण करायची आहे, त्यांनी १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा विचार करावा. त्याचे मुख्यालय गंगापूर धरणाजवळ गोवर्धन येथे आहे. तेथेही पहिल्या वर्षाचे श्रेयांक धरले जातील का, हा प्रश्न वरच्याच अर्जाच्या नमुन्याने आणि त्याच वहीसह विचारावा. आणि काहीच जुळले नाही, तर एल.सी. न काढलेल्या विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयात मुदतीत दुसऱ्या वर्षाचा प्रवेश अर्ज भरावा. त्याची जागा तेथे असते.